सोजरबाईचं चौथं बाळंतपण

सोजरबाईची पाळी थांबली तेव्हा तिनं कुणाला काही सांगितलं नाही. वय एकेचाळीस. तिसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं होतं, त्यालाही चौदा वर्षं उलटली होती. वारज्यातल्या तिच्या वयाच्या बायकांची पाळी जायला लागलीच होती. पुढे पोट जड वाटायला लागलं तेव्हा तिला गाठीची भीती वाटली, आणि थोरल्या लेकीला, प्रेमलाला, सोबत घेऊन ती शहरातल्या दवाखान्यात गेली.

प्रेमलाला दवाखाने पाठ झाले होते. कसबा पेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या दिगंबरशी तिचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. औषधं, इंजेक्शनं, तपासण्या सगळं तिच्याच वाट्याला आलं होतं. दिगंबरनं एकदाही तपासून घेतलं नव्हतं.

"गाठबीठ काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळ आहे. पाच महिने होऊन गेलेत."

सोजरबाई हसली. "बाई, माझं आप्रेशन झालंय."

"होतं असं एखादीच्या बाबतीत. नळी परत जुळते."

"मग तवा का न्हाई सांगितलं कुणी?"

"सांगितलं असतं तर टेबलावर चढला असतात का?" बाई हात धुवायला उठल्या. "आता पाडता यायचं नाही. उशीर झालाय."

दवाखान्याच्या जिन्यात सोजरबाई मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिला धरून उठवायला हवं होतं, पण प्रेमला दोन पायऱ्या खाली तशीच उभी राहिली.

"तुला नको म्हणून कापून घेतलंस, तरी तुलाच झालं," ती म्हणाली.

"मी मागाय गेले हुते का गं?"

घरी गेनबानं बायकोवर संशय घेतला नाही, एवढं खरं. पण त्यानं देवळाच्या पारावर जाणं सोडलं. मुलाला स्थळं बघायच्या दिवसांत बायको गरोदर, हे त्याला तोंड वर करून सांगता येईना. नळावर बायका सोजरबाईला मुद्दाम पुढे जागा द्यायच्या आणि मागे हसायच्या.

मग एक दिवस प्रेमलाची सासू आनंदीबाई मुलाला आणि सुनेला घेऊन वारज्याला आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. येताना सफरचंदं आणली होती.

"विहीणबाई, तुम्हांला या वयात हे ओझंच. आमच्या घरात पाळणा हवाय. परकं आणण्यापेक्षा घरातलंच रक्त बरं, नाही का?"

चहा गाळून होईपर्यंत गेनबा हो म्हणून मोकळा झाला. चहाचे कप घेऊन आलेल्या प्रेमलाला कुणी काही विचारलं नाही.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "मला नको. ते माझाच भाऊ किंवा बहीण असेल."

"चार वर्षांत लोक विसरतात," आनंदीबाई म्हणाली. "नकोच असेल तर तसं सांग. दिगंबरला दुसरी बघायला मी मोकळी."

दिगंबर खिडकीबाहेर बघत होता. प्रेमलानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वळवली नाही.

दोन दिवसांनी ती एकटीच आईकडे गेली. "तू नाही म्हण. पोट तुझं आहे, तुझं ऐकावं लागेल त्यांना."

सोजरबाई भाकरी थापत होती. "आन् तुला परत धाडली म्हंजे? इथं तुझ्या भावजया यायच्या हायेत अजून. त्या ठेवून घेतील तुला?"

"मग मी काय करू?"

"घे त्याला. तुझं घर ऱ्हातंय ना, ऱ्हाऊ दे."

मुलगा झाला. आनंदीबाई खोलीच्या दाराशीच बसून होती. नर्सनं बाळ आईजवळ द्यायला नेलं तेव्हा ती आडवी आली. "नको. सवय लागेल. बाटली आणलीय." सोजरबाईनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बारशाला सोजरबाई कुंची आणि वाळे घेऊन कसब्यात आली. आजी म्हणून. चेहरा पांढराफटक, चालताना भिंतीचा आधार घेत होती. आनंदीबाईनं तिला पाळण्यापासून लांब, खिडकीशी बसवलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या, आणि बाळ जे रडायला लागलं ते थांबेना. प्रेमलानं बाटली लावली, त्यानं ती जिभेनं ढकलली. तिनं वर पाहिलं तेव्हा आईचा पदर छातीवर घट्ट ओढलेला होता आणि त्याखालून चोळी भिजत चालली होती.

प्रेमला बाळाला घेऊन उठली. "आई, जरा आत ये."

आतल्या खोलीचं दार लावून तिनं बाळ आईपुढे धरलं. "पाज त्याला."

सोजरबाईनं दोन्ही हात मागे घेतले. "नगं."

"कुणी बघत नाही. घे."

"एकदा पाजला तर मी त्याला हितं ठेवायची न्हाई, प्रेमे. मग तुला तरी हितं कोण ठेवील?"

बाळ रडून लालबुंद झालं होतं. दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि दोघींपैकी कुणीच त्याला छातीशी धरत नव्हतं. बाहेरून आनंदीबाईनं दार वाजवलं. "काय चाललंय आत? नाव ठेवायचंय."

सोजरबाई त्यानंतर कसब्यात आली नाही.

मुलगा वाढला. त्याच्या तापात प्रेमला जागली, त्याला शाळेत तिनंच घातलं. तो आई म्हणून हाक मारायचा तेव्हा ओ द्यायला तिला किंचित वेळ लागायचा. आनंदीबाईच्या ते लक्षात आलं होतं. "पोटचं असतं तर लगेच वळली असतीस," ती एकदा म्हणाली.

दिवाळीत प्रेमला त्याला वारज्याला घेऊन जायची. सोजरबाई त्याला करंज्या वाढायची, त्यानं नमस्कार केला की दुरूनच "मोठा हो" म्हणायची आणि चुलीकडे वळायची. मामाच्या पोरांना ती मांडीवर घ्यायची, त्याला कधीच नाही.

"आजीला मी आवडत नाही का?" परत निघताना त्यानं विचारलं.

"नाही आवडत," प्रेमला म्हणाली, आणि त्याचा हात धरून बसस्टॉपकडे चालायला लागली.