बारशानंतरची सही

तुळशीरामने फडक्याची गाठ सोडली आणि आतला पिवळा पडलेला कागद महादेवराव वकिलांच्या टेबलावर ठेवला. बुलढाण्याच्या कचेरीसमोरील त्या लहानशा खोलीत, दाराजवळच्या बाकावर, शालूने डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. पंधराव्या वर्षी आवाज फुटला, हनुवटीवर केस दिसू लागले, तेव्हापासून ती सवयच जडली होती.

"जन्मली तवा पोरगा की पोरगी, तेच समजत नव्हतं, साहेब," तुळशीराम म्हणाला. "सहा महिन्याची असतांनी डॉक्टरनं न इचारता कापलं अन् पोरगी करून टाकली. त्याच्यावर केस टाकाची हाय."

हे वाक्य शालूने घरी कितीदा तरी ऐकले होते.

वकिलांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"खाली सही कोणाची?"

"माही. गावात तवा अंगठा न लावणारा मी एकटाच." त्या स्वरात अद्याप किंचित अभिमान होता.

"वाचून केली होती?"

तुळशीराम रिकाम्या फडक्याची घडी घालू लागला.

"डॉक्टर लिहितात, मूल मोठे होईपर्यंत थांबावे असे सांगितले. वडील ऐकत नाहीत. त्यांच्या आग्रहावरून शस्त्रक्रिया करीत आहे." वकिलांनी चष्मा काढला. "एवढ्याने डॉक्टर सुटत नाही. कोणी आग्रह धरला म्हणून सुरी चालवायची नसते. पण मग दाव्यात दुसरे नाव तुमचे येऊ शकते."

"बारसं होऊन गेलतं, साहेब." तुळशीरामची घडी पुनःपुन्हा चुकत होती. "पाळण्यात नाव ठेवलं, सारं गाव जेवून गेलं. मंग लोकाइले काय सांगाचं?"

"मले काऊन नाही सांगतलं, आबा?"

शालूचा आवाज जाड होता. वकिलांनी मान वर केली नाही.

"तू लहान होती."

"अन् मंग?"

वकिलांनी कोरा वकालतनामा पुढे सरकवला, तेव्हा तुळशीरामने सवयीने खिशाचा पेन काढून टोपण उघडले.

"तुमची सही नको," वकील सौम्यपणे म्हणाले. "शालूला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. दावा लावायचा की नाही, आणि कोणाकोणावर, हे आता शालूने ठरवायचे."

उघडा पेन त्याने बाकाकडे धरला. शालूने तो घेतला, पदर मागे सारला आणि वकालतनामा बाजूला ठेवून आधी तो पिवळा कागद हाती घेतला. शिक्षण चौथीपर्यंतचे. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचन सुरू झाले.

जळगाव जामोदची शेवटची गाडी पाचला होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते. घाई कर, असे तुळशीरामच्या अगदी ओठांवर आले.

मग त्याने ते फडके मांडीवर पसरले, आणि तो थांबला.