कोणाचा हंगाम?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या दोन्ही बाजूंना दोन कड्या आहेत. एक कडी एका माणसाच्या मुठीत आहे, दुसरी दुसऱ्याच्या, आणि ते दोघे एकमेकांचं तोंडही न पाहता तुम्हाला आपापल्याकडे ओढत आहेत. जमलं? मग उघडा डोळे. मी तशीच एक जुनी पत्र्याची पेटी आहे.

माझा जन्म खामगावचा. एका पत्रेवाल्याने मला ठोकून-वाकवून आकार दिला, हिरवा रंग लावला आणि उन्हात वाळत ठेवलं. शालिग्राम नावाच्या गृहस्थाने मला विकत घेतलं. त्याला दूर नगर जिल्ह्यात साखर कारखान्यावर नोकरी लागली होती. बायको मंजुळा आणि लहानगी सोजर, अशा तिघांचा संसार माझ्यातून तिकडे जायचा होता. सोजरने माझ्या झाकणावर बसून पाय हलवले, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

पण संसार गेलाच नाही. मंजुळा सोजरला आणि मला घेऊन जानेफळला माहेरी राहिली आणि नवरा-बायकोचं भांडण फारकतीपर्यंत पोचलं. ते कशावरून सुरू झालं हे मला ठाऊक नाही. पेटीत कपडे ठेवतात, कारणं ठेवत नाहीत.

बुलढाण्याच्या कोर्टात फारकत झाली, तेव्हा सोजरचं काय, असा प्रश्न निघाला. हंगामात मला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा पोर आईकडे राहू द्या, असं शालिग्राम म्हणाला. मंजुळाचा भाऊ निवृत्ती म्हणाला, बरोबर आहे, हंगामात ती आमच्याकडेच हवी. मग ठरलं, की हंगामात सोजर आईकडे आणि हंगाम सरला की वडिलांकडे. त्या दिवशी फक्त या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. हंगाम कोणाचा, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

निवृत्तीचा हंगाम शेताचा. तो मृगाला लागायचा आणि कापसाची शेवटची वेचणी झाली की होळीच्या सुमाराला संपायचा. शालिग्रामचा हंगाम उसाचा. तो दिवाळीला लागायचा आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत चालायचा. एकच शब्द, पण त्याचे दोन अर्थ होते, आणि मधल्या फटीत ती मुलगी सापडली.

होळी झाली तसा निवृत्ती सोजरला आणि मला घेऊन जलंब स्टेशनावर आला. शालिग्रामला निरोप गेला होता. तो एका दिवसाची रजा काढून, तेलकट सदऱ्यानेच आला आणि पोरीला जवळ घ्यायच्या आधी भांडायला उभा राहिला.

"काऊन आणली हिले? कारखाना चालू हाये अजून."

"आमचा हंगाम सरला. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या," निवृत्ती म्हणाला.

"तुह्या पऱ्हाट्याचा अन् माह्या कारखान्याचा काय संबंध बे?"

"दाजी, एवढी साखर काढता, पण तोंड काही गोड झालं नाही तुमचं."

आजूबाजूचे लोक हसले. सोजर माझ्यावर बसून होती, ती हसली नाही. निवृत्तीला खरं तर तिला आणायची काही घाई नव्हती. पण पोर सांभाळणं म्हणजे काय असतं ते शालिग्रामलाही कळू दे, असं मंजुळाने घरून बजावलं होतं. शेवटी शालिग्राम तिला घेऊन गेला. तो पाळीवर गेला की ती बाहेरून कुलूप घातलेल्या खोलीत माझ्याशी खेळायची. तिच्या वर्गाची परीक्षा जानेफळला होऊन गेली.

मृग लागला आणि सगळं उलटं झालं. आमचा हंगाम लागला, पोरगी आणून द्या, म्हणून निवृत्ती थेट कारखान्यावर धडकला. माझा हंगाम दिवाळीला, तोवर ती माझी, असं म्हणून शालिग्रामने दार लावून घेतलं. जिला होळीला दोघेही ढकलत होते, तिच्यासाठी मृगाला दोघे एकमेकांच्या अंगावर धावले. पुढच्या वर्षीही हेच झालं. दोन शाळांच्या मध्ये सोजर दुसरीतच राहिली. तिच्या बरोबरीच्या मुली पुढे गेल्या आणि लहान मुली तिला घोडी म्हणून चिडवू लागल्या.

मित्रांनो, मला त्या दोघांचाही राग येई. माझ्या कड्या पत्रेवाल्याने उचलण्यासाठी लावल्या होत्या, ओढण्यासाठी नाही. पत्रा फाटला तर तो कथलाचा डाग देऊन सांधतो. मूल सांधायचं दुकान मी कुठल्याच बाजारात पाहिलं नाही.

अखेर आधीचा ठराव बदलून द्या, असा अर्ज मंजुळाने केला. तसाच अर्ज शालिग्रामनेही केला. दोघांनाही पोरगी कायमची हवी होती, आणि त्याहून जास्त, ती दुसऱ्याला मिळायला नको होती. कोर्टात दोन्ही वकील हंगामाच्या अर्थावर बराच वेळ भांडले. निकालानंतर सोजरबरोबर जायचं म्हणून तिचे कपडे पोटात घेऊन मी दाराशीच होते, सारं ऐकत होते.

न्यायाधीशांनी सोजरला जवळ बोलावलं. "बाळ, तुला माहीत आहे का, हंगाम म्हणजे काय?"

सोजर म्हणाली, "हो. ज्याच्यात परीक्षा बुडते तो."

मग तिला काय हवं, असं त्यांनी विचारलं. तिने आईकडे पाहिलं नाही, बापाकडेही पाहिलं नाही.

"मले तिसरीत जायचं हाये."

न्यायाधीशांनी ठरावातून हंगाम हा शब्दच काढून टाकला. बाप पाळीवर असताना घरी कोणी नसतं, म्हणून सोजर आईकडे आणि शाळा जानेफळची. दिवाळीची आणि उन्हाळ्याची पूर्ण सुटी वडिलांकडे. सुटी कधी लागते आणि कधी संपते हे शाळा ठरवील, ऊस नाही आणि कापूसही नाही.

बाहेर व्हरांड्यात येताच शालिग्रामने माझी कडी धरली. "पोरगी ठेवा. पेटी माह्या पैशाची हाये." त्याने मला उलटं केलं. सोजरचे फ्रॉक, परकर, पाटी, सगळं फरशीवर सांडलं.

"न्या," मंजुळा म्हणाली. "दिवाळीले पोरगी कशी मिळते तुमाले, तेही पाहतो मी."

"नकोच पाठवू. मी बी पाहतो तुले," असं म्हणून तो मला खांद्यावर घेऊन निघाला. कोर्टाचा निकाल पाच मिनिटंही टिकला नव्हता. मी रिकामी होते आणि चालताना माझी कडी वाजत होती.

मागून पावलं वाजली. सोजर धावत आली, तिने बापाचा सदरा ओढला आणि मला खाली ठेवायला लावलं. तिच्या हातात तिचा सगळ्यात चांगला, लाल ठिपक्यांचा फ्रॉक होता. तिने गुडघ्यावर त्याची नीट घडी घातली, तो माझ्या तळाशी ठेवला आणि मागे उभ्या असलेल्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, हा तिकडंच ठेवा. दिवाळीले मले लागन."

मग तिने माझं झाकण लावलं, कडी अडकवली, आणि परत जाऊन फरशीवरचे बाकीचे कपडे एकेक करून गोळा करू लागली.