धोंडबाच्या डोळ्यांची उंची

मी घोडी बोलतेय. गवत खाणारी नव्हे. सिनेमाचा कॅमेरा ज्यावर ठेवतात तो तीन पायांचा लाकडी स्टँड म्हणजे मी. सध्या माझ्या डोक्यावर कॅमेरा नाही, पाण्याचा माठ आहे. भिलाईत कॅम्प-एकमध्ये चंपाबाईच्या ओसरीत मी पाय आखडून उभी असते आणि आल्यागेल्याला गार पाणी मिळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला जन्मापासूनची माठाची तिवई समजू नका, एवढंच सांगायचं आहे.

नागपुरात इतवारीतल्या एका सुतारानं मला घडवलं. सागाचे पाय, प्रत्येक पायाच्या पोटात सरकणारा दुसरा पाय, टोकाला लोखंडी अणी आणि डोक्यावर पितळी चकती. सुतार हाताचा चोख, पण भारी बडबड्या. चार पायांचं टेबल जमीन जरा वरखाली असली की लंगडतं, तीन पायांचं कुठंही टेकतं, हे त्यानं रंधा मारता मारता मला इतक्यांदा ऐकवलं की डुगडुगणाऱ्या वस्तूंविषयी माझ्या मनात कायमची अढी बसली.

मला करवून घेतलं ते भाऊराव नावाच्या कॅमेरामननं. भाऊराव कुणाच्या नोकरीत नव्हते. मुंबईचे निर्माते बोलावतील तिथं जायचं, काम संपलं की घरी यायचं आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहायची. माणूस सावकाश. कुठंही गेले की आधी मला एकटीलाच उभी करायचे आणि कॅमेरा पेटीतच ठेवून बाजूला विडी ओढत बसायचे. लोक जवळ येत, मला हात लावत, हे काय म्हणून विचारत. लोकांचं बघून झालं की मगच पेटी उघडायची. आपण दुसऱ्याकडे बघायला आलो तर आधी त्यानं आपल्याला बघून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरा नियम माझ्या पायांचा होता. ज्याचं चित्र घ्यायचं त्याच्या डोळ्यांइतकी लेन्सची उंची. बसून खडी फोडणारी बाई असली तर माझे पाय पार दुमडायचे आणि भाऊराव स्वतः मातीत मांडी घालायचे. माणसाकडे वरून पाहिलं की तो बिचारा दिसतो, खालून पाहिलं की पुतळा दिसतो, आणि मला दोन्ही नको, असं ते म्हणायचे. मला ते पटायचं.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही तिथं आलो. जिकडे पाहावं तिकडे उकरलेला लाल मुरूम, रुळांचे ढीग, रशियन साहेबांच्या जीपगाड्या, आणि सगळ्यांच्या नाकातोंडात तीच लाल धूळ. मुंबईच्या निर्मात्याला या उभारणीची फिल्म हवी होती. मला उचलायला मुकादमानं मातीकामावरचा एक माणूस दिला. त्याचं नाव धोंडबा. खांद्यावर दुपट्ट्याची घडी ठेवून तो मला असा उचलायचा, की लाकडाला धक्का म्हणून लागायचा नाही. मी बऱ्याच खांद्यांवर बसले आहे, पण त्या खांद्याइतका भरवसा मला दुसऱ्या कुणाचा वाटला नाही.

भाऊरावांना मातीकामाच्या टोळीचं चित्र घ्यायचं होतं. कॅमेरा सुरू झाला आणि सगळी टोळी एकदम थांबली. घमेली खाली, हात मांड्यांशी, मान ताठ, कुणाची पापणी हलेना. एरवी स्थिर उभं राहणं हे माझं काम, त्या दिवशी ते सगळ्यांनीच उचललं. मला हसू आलं. बिचाऱ्यांना हा साधा फोटो वाटला, असं मी समजले. भाऊरावही तसंच समजले.

ते धोंडबाला म्हणाले, "हा फोटोचा डबा नाही रे, सिनेमाचा आहे. हललं तरी चालते. घमेलं उचल अन् चाल."

धोंडबा जागचा हलला नाही. "समजते साहेब, हालणारं चित्र हाये. पण वाकलेला त मी रोजच असतो. एक डाव उभा काढा."

मग त्यानं हळू आवाजात बाकीचंही सांगितलं. तो भंडाऱ्याकडचा. नागपूरला दीक्षा घेऊन नवराबायको इकडे कामाला आले होते. झोपडीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्याच्या बापाचं, आज्याचं चित्र जगात कुठंच नव्हतं, आणि असतं तर ते वाकलेलंच असतं.

भाऊरावांनी माझे पाय बाहेर ओढले, लेन्स धोंडबाच्या डोळ्यांसमोर आणली, आणि पाय ज्या ठिकाणी थांबले तिथं चाकूनं बारीकशी खूण केली. मग कॅमेरा चालवला. धोंडबा उभा होता आणि समोर पाहत होता. त्याच्या डोळ्यांत मला पुरा एक माणूस दिसला. माणसांना हसायची माझी खोड त्या दुपारी गेली.

त्यानंतर भाऊरावांनी ठरवूनच टाकलं, की आधी लोकांना हवं तसं चित्र, मग आपल्याला हवं तसं. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर, जामुलच्या रस्त्यावर, सगळीकडे तेच. निर्मात्याचं पत्र आलं. उभी माणसं आम्ही कापून फेकतो, फिल्म यंत्रांवर खर्च करा, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला देऊ. भाऊरावांनी पत्र वाचून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. हट्टीपणात ते मला हार जाणारे नव्हते.

पुढे पावसाळ्यात धोंडबा कामावर यायचा थांबला. मुदतीचा ताप होता. दुसराच कुणीतरी मला उचलायला लागला. त्याच्या खांद्यावर घडी नव्हती, आणि धोंडबा त्या तापातून उठला नाही, हे मला कळलं.

काही दिवसांनी चंपा भाऊरावांकडे आली. धोंडबाची बायको. पोटुशी होती, चालताना दम लागत होता. रडली नाही. म्हणाली, "साहेब, तुमी त्याईले उभं काढलं होतं नं? माह्या लेकराले बाप दाखवाचा हाये."

भाऊरावांच्या हाताशी काही तुकडे होते, त्यात धोंडबा काम करताना होता. ते उजेडाला धरून भिंगातून पाहिले. फिल्म चालत असताना जे छान दिसतं ते थांबवून पाहिलं की फिसकटलेलं असतं. घमेल्याखाली वाकलेली पाठ होती, चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट ओघळ. ओळखू येईल असा धोंडबा एकाच तुकड्यात होता, जिथं तो हलला नव्हता. आणि तो तुकडा मुंबईला, कापून फेकलेल्यांत.

भाऊरावांनी चालू काम अर्धं सोडलं. मला उचलून स्वतः चंपाच्या झोपडीत आणलं. "चंपाबाई, ही घोडी तुमच्याकडे ठेवून जातो. हिच्याबिगर माझं काम चालत नाही. म्हणजे मी परत येतो की नाही, ही काळजी नको." आणि ते गेले.

वाट पाहणं मला ठाऊक होतं, पण गहाण पडणं नवीन होतं. भाऊराव नाही आले तर? पितळी डोक्यात तेवढाच विचार. दिवस जात राहिले. चंपा बाळंत झाली, मुलगी झाली. शेजारच्या अंजनाबाईंनी तिचं नाव हिरा ठेवलं. कामावरच्या बाया तीन बांबू उभे करून त्याला लुगड्याची झोळी बांधतात, तशी चंपानं माझे पाय फाकवून झोळी बांधली. इतक्या वर्षांत माझ्याखाली काहीच नव्हतं, जे काय ते डोक्यावर. आता माझ्या तीन पायांच्या मधोमध एक जीव श्वास घेत होता. मी कधीच इतकी घट्ट उभी राहिले नव्हते.

भाऊराव आले. मुंबईत निर्मात्यानं भेटसुद्धा दिली नाही, म्हणून ते फिल्म जोडायच्या खोलीत फरशीवर बसून केरातले तुकडे एकेक करून पाहत राहिले होते. शेवटी सापडला. दुर्गच्या फोटोवाल्याकडून मोठा करून आणला होता. चंपानं तसबीर दोन्ही हातांत घेतली. मग तिनं मुलीचा चेहरा तिकडे वळवला, आणि त्या वेळी मात्र ती रडली. भाऊरावही रडले. त्या निर्मात्याचं काम आता कायमचं गेलं होतं, पण ते त्यांनी झोपडीत सांगितलं नाही. मला मात्र ते पत्र आठवत होतं.

निघताना मला न्यायला ते वळले. झोळीत हिरा झोपली होती. हात अर्ध्यावरच थांबला.

"झोपू द्या तिला," ते म्हणाले. चंपाला त्यांनी माझ्या पायावरची खूण दाखवली, कशाची ते सांगितलं, आणि रिकाम्या हातांनी गेले. पुढे त्यांनी दुसरी घोडी केली असेल. ती डुगडुगत नसेल अशी आशा आहे.

हिरा झोळीतून उतरली, रांगली, चालली, शाळेत जाऊ लागली. माझ्या डोक्यावर माठ आला. यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी घराला रंग लावला. चंपाचा भाऊ टिकाराम भिंती रंगवून झाल्यावर उरलेला निळा रंग घेऊन माझ्यापाशी आला. ब्रश टेकणार तोच चंपानं त्याचा हात धरला.

"कावून?" हिरानं विचारलं.

चंपानं माठ खाली उतरवला. गंजलेले स्क्रू खोबरेल तेल घालून सैल केले आणि माझे पाय बाहेर ओढले. किती वर्षांनी मी पूर्ण उभी राहिले. सांधे करकरले, पण खुणेपाशी पाय बरोबर थांबले. मग तिनं माझ्या डोक्यावर, कॅमेऱ्याच्या जागी, पितळेचा तांब्या ठेवला.

"हे पाह्य. इथं तुह्या बाबाचे डोये होते."

हिरानं भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. तिथला बाप वीतभर होता. मग तिनं मान वर करून तांब्याकडे पाहिलं. हात मांड्यांशी नेले, पाठ ताठ केली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पापणीसुद्धा हलवली नाही. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता माठ पुन्हा डोक्यावर आहे आणि पाणी गार आहे. पुढच्या जयंतीलाही रंग उरेल. मला लावायचा तर लावा, निळा मला शोभेल. फक्त पायावरची ती बारीक खूण तेवढी बुजवू नका. हिरा अजून त्या उंचीपर्यंत पोचायची आहे.