अकरा जणींचा दिवस

"ही सही तुमचीच ना?"

विमा कंपनीच्या वकिलांनी कागद पुढे धरला. तुळजाबाईनं पदरानं चष्मा पुसला, सही न्याहाळली आणि मान हलवली.

"यात तुम्हीच पोलिसांना सांगितलंय, मी काही काम करत नाही, घरीच असते. बरोबर?"

"व्हय. सांगितलं व्हतं."

मागच्या बाकावर तिच्या मुलानं, किशोरनं, कपाळाला हात लावला. शेजारी बसलेले त्यांचे वकील शेखर यांनी डोळे मिटून घेतले.

दोन पावसाळ्यांपूर्वीच्या एका रविवारी तुळजाबाई उरवड्याच्या रस्त्यानं कडेकडेनं चालली होती. लवासाला फिरायला निघालेल्या एका मोटारीनं तिला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली आणि गुडघा वाकेनासा झाला. दवाखान्यात हवालदारानं विचारलं, काय करता? ती म्हणाली, काही नाही, घरीच असते. तिच्या जागी गावातली कुठलीही खातेदाराची बायको हेच म्हणाली असती. कामाला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणं, आणि चार एकरांच्या घरची सून तसं कसं म्हणेल? दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत शेतात हाडांची काडं करायची आणि कुणी विचारलं की घरीच असते म्हणायचं, अशी तिथली अब्रूची रीत. ती अब्रू आता दाव्याच्या मुळावर आली होती.

शेखर वकिलांनी यावर तोड काढली होती. "मावशी, जबाब दुखण्याच्या भरात दिला असं आपण म्हणू. तुम्ही रोजानं जात होता एवढंच सांगा. तुमच्या गावातल्या रेश्माताई साक्ष देतील, आम्ही मजुरी देत होतो म्हणून."

किशोरनं तर परोपरीनं विनवलं होतं. "आये, एका वाक्याचा प्रश्न हाय. त्यावर सगळी भरपाई अडलीया."

"रेश्मा माज्या भाताच्या खाचरात वाकली, ती काय माजी मजूर व्हती व्हय रं?" एवढंच ती म्हणाली होती. पण आज कोर्टात आई नेमकं काय बोलेल याचा भरवसा किशोरला नव्हता.

"त्या दिवशी रस्त्यावर कशाला गेला होता?" विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"रेश्माच्या भातलावणीला निघाले व्हते. पोचलेच न्हाई."

"मजुरीनं?"

तुळजाबाईनं एकदा मागं वळून मुलाकडं पाहिलं.

"न्हाई. सावडीनं," ती म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "सावड म्हणजे?"

"आज मी तिच्या खाचरात, उद्या ती माज्या. पैशे न्हाईत, म्याडम. दिवसाला दिवस."

"म्हणजे उत्पन्न काहीच नव्हतं. याची नोंद व्हावी," वकील समाधानानं म्हणाले आणि खाली बसले.

न्यायाधीशबाई मात्र तुळजाबाईकडंच पाहत होत्या. "त्या वर्षी तुमच्या शेतातली लावणी कुणी केली?"

"बायांनीच. मी दवाखान्यात, आन अकरा जणी येऊन लावून गेल्या."

"मग त्यांचे दिवस फेडलेत?"

"कसे फेडनार? चिखलात पाय रुतला की निघत न्हाई. अकरा जणींचा येक येक दिवस माज्या डोक्यावर हाय. गेल्या साली किशोरनं मजूर लावले. बायांना हाक मारायला तोंड कुटं व्हतं मला?"

"त्या दिवसांचे पैसे देऊन टाकले तर?"

"पैशे दिले की त्या मजूर झाल्या, म्याडम. पुन्यांदा त्यांच्यात कशी बसू मी?"

टंकलेखकाची बोटं थांबली होती. न्यायाधीशबाईंनी त्याला उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. तुळजाबाई शेतीत राबत होती हे कोर्टानं मान्य केलं, पण मजुरीचा पुरावा नसल्यामुळं रक्कम शेखर वकिलांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी ठरली. किशोर चार दिवस आईशी धड बोलला नाही. तिलाही वाईट वाटलं. पोराचा राग खोटा नाही, हे तिला कळत होतं. पण बोललेला शब्द मागं घ्यावा असं तिला एकदाही वाटलं नाही.

जुलैत रेश्माची लावणी निघाली. तुळजाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती सकाळीच भाकरी बांधून काठी घेऊन ओट्यावर येऊन बसली. किशोरनं तिच्याकडं पाहिलं, काही न विचारता मोटारसायकल काढली आणि तिला रेश्माच्या बांधावर नेऊन सोडलं.

खाचरात उतरणं जमणारं नव्हतंच. रोपं वाढवलेल्या वाफ्याच्या कडेला तिनं एक घमेलं पालथं घातलं आणि दुखरा पाय लांब करून त्यावर बसली. रोपं उपटायची, मुळांची माती धुवायची, मूठ बांधायची आणि मागं टाकायची. पुढं बायांची ओळ वाकून मागं मागं सरत होती. कुणीतरी येऊन मुठी उचलून नेई. दुपारी सगळ्यांनी तिच्याभोवती बसून भाकरी खाल्ली. अपघाताचं कुणी काढलं नाही.

संध्याकाळी एक खाचर हिरवं झालं, दुसरं उद्यावर राहिलं. रेश्मा पाय धुऊन तिच्याजवळ आली. "काकी, माजा दिवस फिटला बरं का."

तुळजाबाईनं खाचराकडं पाहिलं. आपल्या वाट्याची ओळ तिथं असती तर कुठवर गेली असती, हे तिचे डोळे मापत राहिले.

"अर्धाच धर," ती म्हणाली.

"आसं काय करता? दिवसभर हितंच हाय की तुमी."

"बसूनच व्हते. अर्धा धर."

रेश्मानं पुढं वाद घातला नाही. "बरं. मग अर्धा ऱ्हायला."

"उद्या येती," तुळजाबाई म्हणाली, आणि उठवण्यासाठी तिनं रेश्मापुढं हात केला.