मालक इथं जेवतात

मी टेबल बोलतोय. व्याकरणाच्या पुस्तकात 'ते टेबल' असतं, हे मला ठाऊक आहे. पण 'मी बोलतंय' म्हटलं की माणसं हसतात आणि मला हसलेलं खपत नाही. तेव्हा पुल्लिंग चालवून घ्या. या गोष्टीत व्याकरणाने एका बाईचा घात केलाय, त्यापुढे माझं लिंग अगदीच किरकोळ.

आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडून हळहळीची अपेक्षा करू नका. टेबलाला काळीज नसतं, खण असतो.

मला एका सुताराने सहा माणसांच्या जेवणासाठी बनवलं. पाय फिरवून काढता येतील असे केले, म्हणजे कुठल्याही दारातून नेता यावं. एका अंगाला चमच्यांसाठी खण दिला. ज्याने सांगून मला बनवून घेतलं तो फिरकलाच नाही, म्हणून मी दुकानात उभा राहिलो. मग एक दिवस एक जाडजूड गृहस्थ आला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, समोर ताट असल्यासारखे दोन घास खाल्ले आणि बायकोकडे बघून म्हणाला, "जमतंय." बायकोने तोंडाला पदर लावला. सुतार आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघत होता. अशी माझी खरेदी झाली.

त्याची बायको त्याला 'मालक' म्हणायची. नाव घ्यायची नाही. "मालकांना मीठ कमी लागतं", "मालक पत्त्यांत फसवतात", असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आणि फसवायचाच तो. माझ्यावर जेवायचा, माझ्यावर पत्ते कुटायचा आणि दुपारी माझ्यावरच डोकं टेकून घोरायचा. त्याच्या जागेवर गरम चहाच्या पेल्याने एक गोल डाग पाडून ठेवला होता. तो पुसायला त्याने कधी बोटही हलवलं नाही. मला त्याचा राग यायचा. लाळसुद्धा गाळायचा.

मग तो छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. सगळे 'मालक होते', 'मालक असायचे' असं बोलायला लागले. म्हातारी मात्र जुन्याच चालीवर राहिली. "मालकांना मीठ कमी लागतं," ती भाजी ढवळता ढवळता म्हणायची.

"लागायचं, आई," मुलगा दुरुस्त करायचा.

"तेच ते," म्हातारी म्हणायची आणि मीठ कमी घालायची. अळणी भाजी मग सगळ्यांना खावी लागायची.

रोज ती माझ्यापाशी तिच्या ठरलेल्या खुर्चीत बसायची, डागाच्या बरोबर समोर. तिला दुसरं काही नको होतं. ना टीव्ही, ना देवळं, ना शेजारणी. तेवढी एक खुर्ची.

आता सूनबाईकडे येतो. ती सकाळी एका ग्रंथालयात अर्धवेळ नोकरी करायची आणि दुपारी घरी कंत्राटी काम घ्यायची. डॉक्टर मंडळी यंत्रात बोलून ठेवतात, हिने ते ऐकून टाइप करायचं. कानाला हेडफोन लावून माझ्यापाशी बसायची आणि संध्याकाळपर्यंत लोकांची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं टाइप करायची. पहिल्या वर्षी कामाचे पैसे अख्खेच्या अख्खे हातात आले, काही कापलं गेलं नाही, म्हणून ती खूश होती. वर्ष संपल्यावर कराचा आकडा कळला आणि ती रडली. माझ्यावरच डोकं ठेवून रडली. हे घर डोकं टेकायला मलाच का शोधतं, कोण जाणे.

नवऱ्याने कर सल्लागाराला घरी बोलावलं. घरात त्याचं नाव वजाबाकी पडलं, कारण दर वाक्याला तो "हे वजा करू" म्हणायचा.

"ताई, ही नोकरी असती तर पेन्शनच्या करातला अर्धा वाटा तुमच्या मालकाने भरला असता," वजाबाकी म्हणाला. "इथं तुम्ही कुणाच्या नोकर नाही. मालक तुम्हीच, नोकर तुम्हीच. म्हणून दोन्ही वाटे तुमच्याच माथी."

"म्हणजे मालक झाल्याचा दंडच की."

"दंड म्हणा, मान म्हणा. आता वजा काय काय होतं ते बघू. हेडफोन वजा. इंटरनेट वजा. काम कुठं बसून करता?"

"इथंच. जेवणाच्या टेबलावर."

वजाबाकीने कानांवर हात ठेवले. "जेवणाचं म्हणू नका हो! ही खोली आणि हे टेबल, दोन्ही केवळ कामासाठी. केवळ! सगळी मेख त्या शब्दात आहे. केवळ कामासाठी असेल तर घरखर्चातला या खोलीचा वाटा वजा होतो, टेबलाचा घसारासुद्धा मिळतो. पण इथं एक चमचा जरी सापडला ना, की गेलं सगळं."

घसारा म्हणजे वस्तू दरवर्षी कागदावर थोडी थोडी झिजवायची. मी आहे तसाच उभा, आणि हिशेबात मात्र माझी किंमत कमी होत जाणार. माणसं असं फक्त सामानाचं करत नाहीत, हे मला पुढे कळलं.

त्याच संध्याकाळी खण रिकामा झाला. चमचे स्वयंपाकघरात गेले आणि खणात पावत्या आल्या. घाईघाईत एक चमचा मागच्या फटीत पडून राहिला, कुणाच्या लक्षात आला नाही. डागावर सूनबाईने कीबोर्ड ठेवला. मुलगा आणि सून सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागले. म्हातारीला स्वयंपाकघरात, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी एक स्टूल दिलं. यंत्र चालू असलं की तिचं ताट थरथरायचं.

सवय कुठं सुटते? भात वाढून घेतला की म्हातारी आपोआप माझ्याकडे यायची. सूनबाई हेडफोनमधूनच ओरडायची, "आई! केवळ!"

बस, एवढा एकच शब्द. मांजराला हाकलावं तसा. म्हातारी दचकायची, ताट सावरत मागे फिरायची. पुढे पुढे तर ती उंबऱ्यापाशी आली तरी मुलगासुद्धा सोफ्यावरून गमतीत "केवळ!" म्हणायचा आणि हसायचा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? मला आवडत होतं ते. सांडलवंड नाही, लाळ नाही, रोज कोरड्या फडक्याने पुसणं. जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं होतं. मला शिंगं फुटायचीच बाकी होती.

तिसऱ्या वर्षी कर खात्याचं पत्र आलं. अधिकारी घर बघायला येणार होता.

सूनबाईने खोली लखलखीत केली. म्हातारीला बजावलं, "आई, तुम्ही खुर्चीत नुसत्या बसा. तोंडातून अवाक्षर काढू नका."

"मी कशाला बोलतेय?" म्हातारी म्हणाली. नवी साडी नेसून ती भिंतीकडच्या खुर्चीत पाहुणीसारखी बसली.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने मला वाकून पाहिलं, खण उघडून पावत्या चाळल्या. चमचा मागे होता, त्याला दिसला नाही. मग सूनबाई बँकेचे कागद आणायला आतल्या खोलीत गेली. कपाट अडकलं असावं, तिला वेळ लागला. अधिकाऱ्याला गप्प बसणं अवघड झालं. म्हातारीकडे बघून त्याने आपला सहज प्रश्न टाकला. त्याच्या कागदावर सूनबाईसाठी जो शब्द होता तोच त्याने वापरला.

"काय आजी, मालक इथंच बसतात का?"

म्हातारीचा चेहरा असा उजळला की मला सहन होईना. इतक्या दिवसांत या घरात कुणी मालकांची चौकशी केली नव्हती. कुणी म्हणजे कुणीच.

"इथंच तर बसतात," ती म्हणाली. "ही काय त्यांची जागा."

"आणि दिवसभर काम चालतं?"

"कसलं काम?" म्हातारी खुदकन हसली. "मालक इथं जेवतात. पत्ते खेळतात. दुपारी डोकं टेकून झोपतातसुद्धा. किती सांगते, आत जाऊन आडवे व्हा म्हणून. ऐकतील तर शपथ. हा बघा त्यांचा डाग." असं म्हणून तिने उठून चक्क कीबोर्ड बाजूला सरकवला.

अधिकाऱ्याने मान डोलावत सगळं लिहून घेतलं. बसतात, जेवतात, झोपतात. बाई असो की बुवा, मेलेला असो की जिवंत, या क्रियापदांना सगळं सारखंच. 'जेवायचे' म्हणाली असती तर तो थांबला असता. पण म्हातारीने मालकांना कधी भूतकाळात घातलंच नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं. असतं तरी उघडलं असतं का, माहीत नाही.

महिन्याभराने निकाल आला. व्यवसायाच्या मालक या टेबलावर जेवतात, पत्ते खेळतात व झोपतात असं घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीनेच सांगितल्यामुळे तिन्ही वर्षांची वजावट नामंजूर.

सूनबाईने ते मोठ्याने वाचलं. मुलगा आधी हसला. बायकोचं तोंड बघितल्यावर थांबला.

"मुद्दाम केलंत तुम्ही," सूनबाई म्हणाली. "स्टुलाचा सूड घेतलात."

"अगं, त्यांनी यांची चौकशी केली. मी आपलं खरं ते सांगितलं."

"खरं? बाबा मरून चार वर्षं झाली, आई!"

या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. म्हातारीने पदर नीट केला आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने कपडे धुवायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. त्यात कपडे नव्हते.

वजाबाकीने तोड काढली. म्हातारीने लिहून द्यायचं, की मी मालक म्हटलं ते माझ्या पतीला उद्देशून. ते हयात नाहीत. त्या टेबलावर आता कुणीही जेवत नाही. कागद मुलाने लिहिला आणि माझ्यावरच ठेवला. म्हातारीने चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला.

"'हयात नाहीत' हे काढता येणार नाही का?" तिने विचारलं.

"आई, तेच तर मुख्य आहे," वजाबाकी म्हणाला.

"बरं. मग सही केली, की मला माझ्या खुर्चीत जेवायला बसू द्याल?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "हे प्रकरण एकदा मिटू दे, आई. मग टेबल तुमचंच."

म्हातारीने सही केली. अक्षर चांगलं होतं तिचं. दुसऱ्या दिवशी चहा करताना मात्र म्हणाली, "मालकांना कडक लागतो." कागदावर काय दिलं ते दिलं, तोंडाने देणार नव्हती.

वजावट मंजूर झाली. म्हातारी ताट घेऊन आली. "आता?"

"यंदाचं विवरण भरून होऊ दे. पुन्हा तपासायला आले तर?"

विवरण भरून झालं. म्हातारी आली. तेवढ्यात सूनबाईचं काम गेलं. डॉक्टरांचं बोलणं आता एक यंत्रच टाइप करणार होतं. कंपनीच्या पत्रात म्हटलं होतं, की तुमचं आमचं नातं नोकरीचं नसल्यामुळे पूर्वसूचना देणं लागू होत नाही. मालक तुम्हीच, नोकर तुम्हीच. काढून टाकायलाही कुणी दुसरं लागत नाही. सूनबाई माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बराच वेळ बसली. मला तिची कीव आली नाही. म्हातारीला आली. तिने चहा आणून दिला, पण माझ्यावर ठेवला नाही, हातात दिला.

खोली भाड्याने द्यायची ठरली आणि मला विकायचं ठरलं.

"आता बसू का गं?" म्हातारीने विचारलं.

"गिऱ्हाईक बघायला येतंय, आई. नवा डाग पडला तर भाव पाडतील. थोडं थांबा ना."

जुन्या सामानाचा दुकानदार संध्याकाळी येणार होता. तो सकाळीच आला. घरात म्हातारी एकटी होती. तिने ती वेळ साधली होती. डाग पडू नये म्हणून माझ्यावर घातलेलं कापड काढलं होतं, खुर्ची ओढली होती, डागासमोर ताट मांडलं होतं. भात, भाजी, कडेला मीठ. बसणार एवढ्यात बेल वाजली.

दुकानदार हमालांना घेऊनच दारात उभा. "आजी, टेबल न्यायला आलोय. मालक आहेत का घरात?"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग डागाकडे पाहिलं. मी वाट बघत होतो, की ती म्हणेल, आहेत, जेवतात, झोपतात.

"मालक गेले," ती म्हणाली.

"अरेच्चा! मग येतील कधी?"

म्हातारीने ताट उचललं. "तुम्ही न्या टेबल," म्हणाली आणि भरलं ताट घेऊन स्टुलावर जाऊन बसली. हमालांनी माझे पाय फिरवून काढले. दारातून नेताना मला ती दिसली. ताट मांडीवर होतं, हात ताटात नव्हता.

आता मी दुकानात कपाटं आणि पलंगांच्या गर्दीत उभा आहे. गिऱ्हाईक विचारतात, हे जेवणाचं की कामाचं? दुकानदार म्हणतो, कशालाही चालेल. तुम्ही घेणार असाल तर खुशाल घ्या, घासाघीस करा, हिशेबात मी तसाही कधीच झिजून संपलोय. फक्त माझ्यावर 'केवळ' काही करू नका. ताट घेऊन कुणी आलं, तर बसू द्या.

मला हलवलं की आत काहीतरी वाजतं. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगतो, खिळा सैल झालाय, ठोकून देऊ. खिळा नाही तो. मालकांचा चमचा आहे.