चौथ्या महिन्याच्या गोळ्या

गौराव्वाच्या घरात मीठ-मिरचीसुद्धा तिच्याच हातानं सुटायची, म्हणून रूपाली सिस्टरनं सुनेच्या गोळ्याही तिच्याच हातात दिल्या. पेठ वडगावजवळच्या उपकेंद्रात आठ वर्षं काढलेल्या नर्सला एवढं शहाणपण असतंच. तेच नडलं.

गौराव्वाची सून शिवगंगा. तिचं पहिलं बाळ मणका उघडा घेऊन जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. रूपालीच्या चार गावांत दोन वर्षांतलं असं हे तिसरं. अहवालात अशा मुलांसाठी रकानाच नव्हता. ‘बालमृत्यू’ लिहिलं की वरचे साहेब खूश. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, की बाळाचा मणका पोटात पहिल्या महिन्यातच मिटतो, तेव्हा पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीपासूनच रोज फॉलिक अ‍ॅसिडची एक गोळी. रूपालीनं ते गौराव्वाला सांगितलं. तिनं मान डोलावली.

संक्रांतीनंतर सासू-सून आपणहून उपकेंद्रात आल्या. शिवगंगाच्या हातात नवा हिरवा चुडा होता.

“चौथा लागलाय, सिस्टर!” गौराव्वा दणक्यात म्हणाली. “तीन महिनं कुणाला कळू दिलं न्हाय. मागल्या बारीला गावभर सांगत सुटलो, नजर लागली की.”

रूपालीला फार बरं वाटलं. मग एकदम गोळ्या आठवल्या.

“गोळ्या चालू आहेत ना?”

“व्हय की! काल चोरओटी भरली, आन लगीच एक दिली.”

“कालपासून?”

“मग! बाळ न्हाय तवर बाळाचं औषीद खायाचं असतंय व्हय? अपशकुन त्यो. देवापुढं ठिवलत्या. एकबी वाया घालवली न्हाय.” म्हातारीनं पिशवीतून पाकिटं काढून अभिमानानं टेबलावर मांडली.

रूपालीला तिचा राग येईना. आला तो स्वतःचा. गोळ्या दिल्यापासूनच्या सहा महिन्यांत शिवगंगा तिला नळावर कितीदा भेटली होती, आणि ‘बरी आहेस ना’ याच्यापुढे रूपालीनं एक शब्द काढला नव्हता. तिनं सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली. वर कोल्हापूरच्या त्याच डॉक्टरांचं नाव घातलं.

शिवगंगा मघापासून तिच्या तोंडाकडे बघत होती. हसू कधीच मावळलं होतं.

“सिस्टर, उशीर झाला व्हय?” तिनं हळूच विचारलं. “मला का न्हाय सांगितलासा? मी चोरून खाल्ल्या असत्या.”

‘नाही गं, काही होत नाही,’ असं रूपाली आजवर शेकडो बायांना म्हणाली होती. आज ते न म्हणता तिनं चिठ्ठी शिवगंगाच्याच हातात दिली.