वर्ना विरुद्ध कोणीच नको

बत्तीस वर्षांनी अमेरिकेतल्या आमच्या राज्यातली सिनेटची जागा रिकामी झाली. म्हातारे सिनेटर विरोधी पक्षाचे. ते आपणहून घरी बसले, आम्हाला त्यांना कधी बसवता आलं नव्हतं. पक्षाचं अधिवेशन आइस हॉकीच्या मैदानात, बर्फावर फळ्या टाकून भरलं होतं. सगळ्यांचे पाय गार पडले होते. दर निवडणुकीत पडतात, या वेळी निदान कारण तरी होतं.

उमेदवारी मागणारी एकटी वर्ना स्कॉगस्टाड, गुरांची डॉक्टर. दवाखाना विकून वर्षभर गावोगाव फिरलेली. तरी मतपत्रिकेवर पर्याय दोन: वर्ना आणि ‘कोणीच नको’. साठ टक्के मतं हवीत, फेऱ्या तीन. नाहीतर यंदा पक्षाला उमेदवारच नाही. दुसऱ्या फेरीत दोनशेपैकी वर्नाला एकशेपंधरा पडली. पाच कमी. बाकीचे ‘कोणीच नको’वर ठाम होते, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मी निवृत्त इतिहासमास्तर, तिच्यासाठी मतं वळवत होतो.

“निवडणुकीत पडणारच ना ती?” एकाने विचारलं.

“पडेल. पण उभी राहून पडेल.”

असे सहाजण वळवले. तेवढ्यात आमच्या बाजूचा शेतकरी अल्विन टोपी चुरगाळत वर्नाकडे आला.

“डॉक, घरून फोन होता. पहिलटकरीण गाय अडलीय. दोन तास झाले, एकच पाय बाहेर.”

“एकच? मग इथे काय करतोस? पळ.”

“अल्विन, वीस मिनिटं थांब रे,” मी म्हणालो. “मत टाक आणि जा.”

“मास्तर, गाईला सांगता का वीस मिनिटं?” वर्ना म्हणाली. “अल्विन, कळ ओसरली की वासरू आत ढकल, मग दुसरा पाय शोध. आणि आधी हात धू, गाढवा.”

अल्विन गेला. त्याच्या गाडीतून आलेले पाचजणही गेले. तिकडे जाणारी दुसरी गाडी नव्हती. त्या जिल्ह्यात आमच्या पक्षाचे सहाच जण आहेत.

सहा आले, सहा गेले. तिसऱ्या फेरीत वर्ना पुन्हा एकशेपंधरावर. माणसं घटल्याने गरजही घटली होती, तरी दोन मतं कमी पडली.

अध्यक्ष डेल्मर हॉगलंडने निकाल वाचला: ‘कोणीच नको’ विजयी. टाळ्या पडल्या. विजेत्याला व्यासपीठावर बोलवायची आमच्याकडे पद्धत आहे. डेल्मर क्षणभर दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “चारला पोरांचा सराव आहे. जाताना खुर्च्या उचला.”

वर्ना आणि मी खुर्च्या उचलत होतो, तेव्हा अल्विनचा फोन आला. हात मोकळे नव्हते म्हणून तिने आवाज मोठा करून फोन खुर्चीवर ठेवला.

“डॉक, वासरू गेलं. गाय आहे, पण उठत नाही.”

“पाणी पाज. कुशीवरून छातीवर बसव. चारही बाजूंनी पेंढा लाव.”

“बरं. आणि तुमच्या नावाचे फलक आलेत माझ्याकडे, चाळीस. रस्त्याला लावायला घेऊ का?”

वर्नाने हातातली खुर्ची ढिगावर ठेवली.

“गोठ्याला लाव,” ती म्हणाली. “उत्तरेच्या बाजूने. वारा अडेल.”